नाव मूळव्याधीचं, दुखणं दुसरंच

पत्र: डॉक्टर, माझं वय ४३. दोन वर्षांपासून मूळव्याध आहे. शौचाला गेलं की काचेनं कापल्यासारखं होतं आणि त्यानंतर दीड-दोन तास धड बसवत नाही. कागदावर लाल रक्त दिसतं. बाहेर एक कोंबही आलाय. कुणाला दाखवलेलं नाही, लाज वाटते. दुकानातून आणलेलं मलम लावते, तेवढ्यापुरतं बधिर होतं. माझ्या बहिणीची मूळव्याध लेझरनं केली, ती तिसऱ्या दिवशी कामावर गेली. जाहिरातीत तर पंधरा मिनिटं, बिनटाका, बिनवेदना असं लिहितात. मी लेझर करू की स्टेपलर? अंगावर काढलं तर याचं भगंदर होईल का? ता. क. माझ्या थोरल्या भावाला ५१ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, आता बरा आहे. पण त्याला मूळव्याध कधीच नव्हती, त्यामुळे त्याचा इथे संबंध नसावा.

ताई,

तुमच्या पत्रात मी दोन ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे. एक 'मूळव्याध' या शब्दाखाली आणि दुसरी ताजा कलमाखाली. त्यातली दुसरी जास्त जाड आहे, पण आधी पहिलीकडे येतो.

त्या भागात काहीही झालं की आपण त्याला मूळव्याध म्हणतो. रक्त पडलं, मूळव्याध. ठणका लागला, मूळव्याध. गाठ आली, खाज सुटली, पू आला, तरी मूळव्याधच. मग त्या एका नावावर मलम आणलं जातं, त्याच नावाची जाहिरात वाचली जाते आणि ऑपरेशनही त्याच नावाचं ठरतं. आजार मात्र निराळाच असू शकतो. तुम्हाला तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून माझा अंदाज फिशरचा आहे. म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर.

अंदाज कशावरून, तर तुमच्या त्या 'काचेनं कापल्यासारखं' आणि 'दीड-दोन तास' या शब्दांवरून. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक दातेरी रेषा असते. तिच्या वरचं अस्तर आतड्याच्या जातीचं, तिथे चिमटा काढला तरी दुखत नाही. खालचं अस्तर कातडीच्या जातीचं आणि विलक्षण हळवं. आतली मूळव्याध त्या रेषेच्या वर असते. म्हणून ती रक्त पाडते, थेंब थेंब पाडते, कधी भांडं लाल करते, पण सहसा दुखत नाही. फिशर रेषेच्या खाली, थेट हळव्या कातडीत. कडक मळ जाताना ती चीर उसवते आणि जीव कळवळतो. मूळव्याध एरवी दुखते ती एकाच परिस्थितीत म्हणावी, गुठळी झाल्यावर: रात्रीतून द्राक्षाएवढी निळसर, टणक गाठ येते आणि बसता येत नाही. ती तीन दिवसांच्या आत दाखवली तर जागेवर भूल देऊन काढून टाकता येते. तीन दिवस उलटून गेले की ती बहुधा आपोआपच ओसरू लागलेली असते. तुमचं दुखणं दोन वर्षांचं आहे, तेव्हा ती शक्यता सोडून देऊ.

बाहेरच्या 'कोंबा'बद्दल. जुन्या फिशरच्या खालच्या टोकाला कातडीची एक घडी सुजून लोंबायला लागते. चिरेच्या दारात उभी राहिलेली पहारेकरीणच म्हणा. हात लावून पाहणाऱ्याला ती मोड आल्यासारखी वाटते, आणि इथेच घरोघरी निदान चुकतं. तो कोंब मूळ दुखणं नाही. नुसता तोच कापला तर चीर जागच्या जागी राहते.

आता ही चीर दोन वर्षं का भरली नाही? गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं कडं आपल्या ताब्यात, आतलं आपल्या ताब्यात नाही. ते स्वतःच्या मर्जीनं आवळलेलं असतं. चीर दुखली की आतलं कडं आणखी आवळतं, आवळलं की त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त नाही म्हणून जखम भरत नाही. बहुतेक फिशर पाठीमागच्या मधल्या रेषेतच होतात, कारण मुळातच तिथे रक्त कमी पोचतं. त्यात माणूस दुखण्याच्या भीतीनं जायचं टाळतो, मळ आणखी वाळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवतो. तुमचा तो दीड-दोन तासांचा ठणका चिरेचा कमी आणि आवळलेल्या स्नायूचा जास्त आहे.

हे एकदा लक्षात आलं की उपचार आपोआप उलगडतो: मळ मऊ करायचा आणि कडं सैल करायचं. बाकी सगळं तपशील.

मळ मऊ करायला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे धान्य-भाज्यांतला चोथा, पोटात जायला हवेत. नुसत्या जेवणातून एवढे होत नसतील तर इसबगोल. पण ते पेलाभर पाण्यासोबत. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल आतड्यात जाऊन खळच होतं. सुरुवात एका चमच्यानं करा, एकदम वाढवलंत तर पोट फुगेल आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी डबा फडताळात ठेवाल. दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचाहून आल्यावर, कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा. त्यात औषध, मीठ, काहीही घालायची गरज नाही. ऊब मिळाली की आवळलेलं कडं सुटतं, तेवढंच हवं आहे. हे घरगुती वाटेल म्हणून सांगतो: १९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक तुलना छापून आली. नव्यानं फिशर झालेल्यांपैकी काहींना बधिर करणारं मलम दिलं, काहींना स्टेरॉइडचं, काहींना कोंडा आणि कोमट पाण्याचा शेक. शेक आणि कोंडा दोन्ही मलमांना सरस ठरले. तुमची ट्यूब बहुधा याच दोन जातींतली असणार. बधिर करणारं मलम तेवढ्या वेळेपुरतं बरं वाटायला लावतं, आणि स्टेरॉइडचं महिनोन्‌महिने लावलं तर तिथली कातडी पातळ होते. दोन वर्षं म्हणजे फार झाली. ती बंद करा.

कडं सैल करणारी मलमं वेगळी आणि ती चिठ्ठीवर मिळतात. डिल्टियाझेम २ टक्के किंवा ग्लिसरील ट्रायनायट्रेट. दुसऱ्यानं बऱ्याच जणांचं डोकं दुखतं, म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात करतो. वाटाण्याएवढं मलम बोटावर घेऊन गुदद्वाराच्या कडेला लावायचं, खोल कोंबायचं नाही, दिवसातून दोनदा, आणि सहा ते आठ आठवडे. हा शेवटचा आकडा मी रुग्णाच्या कागदावर गोल करून देतो. कारण दहा-बारा दिवसांत दुखणं पळतं, माणूस ट्यूब फेकतो आणि महिन्याभरात तोच चेहरा पुन्हा समोर. दुखणं गेलं याचा अर्थ कडं सुटलं, चीर अजून भरायची असते. नीट लावूनही जुनी फिशर साधारण निम्म्या लोकांचीच भरते, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

उरलेल्या निम्म्यांसाठी पुढची पायरी बोटॉक्सचं इंजेक्शन. हो, सुरकुत्यांचंच ते. आतल्या कड्यात टोचलं की ते सुमारे तीन महिने ढिलं पडतं, तेवढ्यात जखम भरून घ्यायची. त्यानंही नाही झालं तर आतल्या कड्याचा थोडासा भाग बाजूनं कापतात. या ऑपरेशननं दहात नऊहून जास्त फिशर भरतात, फिशरसाठी याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. मग सगळ्यांचं तेच का करत नाही? कारण कापलेलं कडं पुन्हा जुळत नाही आणि काहींना नंतर वायू आवरणं जड जातं. बायकांमध्ये हे कडं मुळात आखूड असतं, आणि बाळंतपणात त्याला इजा झालेली असली तर आधीच कमकुवत. तुम्हाला बाळंतपणात टाके पडले होते का, फाटलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. आणि भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणण्याचा सल्ला कुणी दिला तर उठून या. पूर्वी तो प्रकार सर्रास चालायचा. त्यात कडं कुठे आणि किती फाटतं यावर कुणाचाच ताबा नसतो.

फिशर असेल तर मूळव्याधीच्या लेझरचा तिथे काही उपयोग नाही. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इतकं लहान आहे.

बहिणीचं कसं काय झालं मग? तिला खरंच मूळव्याध असेल. मूळव्याध म्हणजे बाहेरून उगवलेलं काही नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला असतात, तुम्हाला, मला, सगळ्यांना. दार घट्ट मिटायला त्या मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथून त्यांचा आधार सुटतो आणि त्या घसरायला लागतात. नुसतं रक्त पडतं ती पहिली पायरी. बाहेर येऊन आपोआप आत जातात ती दुसरी, बोटानं ढकलाव्या लागतात ती तिसरी आणि ढकलूनही जात नाहीत ती चौथी. उपचार पायरीवर ठरतो, यंत्रावर नाही. पहिल्या दोन पायऱ्यांतले कितीतरी लोक केवळ तंतू वाढवून सुटतात. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा तंतूंनी रक्तस्राव निम्म्यावर आला होता.

त्याच्या पुढे माझी आवड सांगतो, ती जुनी आहे: रबर बँड. जेम्स बॅरन यांनी १९६३ साली ही पद्धत रूढ केली. गादीच्या मुळाशी इवलंसं रबरी कडं बसवायचं, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडा-दहा दिवसांत ती गळून पडते. दातेरी रेषेच्या वर बसवलं तर भूल लागत नाही. बसवताक्षणी तीव्र कळ आली तर समजावं की ते खाली बसलंय, तिथल्या तिथे काढायला सांगावं. गळून पडताना थोडं रक्त जातं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त जातं, म्हणून ती गोळी आधी सांगायची. पुढच्या दिवसांत ताप, लघवी अडणं आणि वाढत जाणारं दुखणं असं तिन्ही मिळून आलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. हे क्वचित होतं, पण झालं तर थांबायला वेळ नसतो.

या पन्नास-साठ वर्षांच्या रबराशी नव्या पद्धतींची गाठ पडली तेव्हा काय झालं, ते मला फार बोलकं वाटतं. डॉप्लरनं, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्रानं, धमनी शोधून टाका घालायची पद्धत १९९५ साली जपानमधून आली. ब्रिटनमध्ये ३७२ रुग्णांवर तिची रबर बँडशी तुलना झाली आणि २०१६ साली निकाल आले. वर्षभरात त्रास परतला तो डॉप्लरवाल्यांत ३० टक्के आणि बँडवाल्यांत ४९ टक्के. यंत्र जिंकलं म्हणायचं? पण बँड दोनदा बसवायची मुभा धरली की फरक जवळजवळ मिटला, आणि डॉप्लरवाल्यांना सुरुवातीचे दिवस दुखलं जास्त. स्टेपलरचंही, म्हणजे आतल्या अस्तराची पट्टी कापून पिनांनी जोडणाऱ्या यंत्राचंही, तसंच. इटलीच्या अँटोनिओ लाँगो यांची ही पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गाजली, मोठमोठ्या शल्यविशारदांनी डोक्यावर घेतली. २०१६ सालीच ७७७ रुग्णांची दोन वर्षांची तुलना आली: स्टेपलरनं सुरुवातीला कमी दुखलं, पण दोन वर्षांनी कापून काढलेलेच जास्त सुखी होते आणि त्यांची मूळव्याध कमी परतली. ते कापून काढायचं ऑपरेशन १९३७ सालच्या पद्धतीचं. पहिला आठवडा ते चांगलंच दुखतं, खोटं कशाला बोलू. पण हल्ली जागेवरची नस बधिर करून, मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक आणि मळ मऊ ठेवणारं औषध देऊन तो आठवडा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य करता येतो. चौथ्या पायरीला आजही त्याला तोड नाही.

आणि लेझर? वाईट नाही. लेझरचा प्रकाश नेणारी बारीक तार गादीत घालून उष्णतेनं ती आतून आक्रसवतात. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या, फार मोठ्या नसलेल्या मूळव्याधीत ते ठीक चालतं, दुखतं कमी, माणूस लवकर कामाला लागतो. तुमच्या बहिणीचं झालं तसं. कापून काढण्याच्या मानानं ते परतण्याची शक्यता जास्त. हे वाक्य जाहिरातीत सापडत नाही. 'बिनवेदना' मोठ्या अक्षरांत असतं, कारण पहिल्या आठवड्याची जाहिरात करता येते, तिसऱ्या वर्षाची नाही.

भगंदराची भीती सोडून द्या. मूळव्याध बळावून भगंदर होत नाही, कॅन्सरही होत नाही. भगंदराचं मूळ निराळं. दातेरी रेषेवर बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी पिकते, गळू होतं, ते फुटून किंवा कापून पू जातो आणि काहींमध्ये आतून बाहेर एक बोगदा मागे राहतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी तोच फोड, तोच पू, तोच डाग. बोगदा उथळ असेल तर उघडून टाकला की संपलं. स्नायूमधून खोल जात असेल तर आधी एमआरआय काढून नकाशा बघायचा, कारण घाईनं उघडलं तर कडंच कापलं जातं. त्यासाठी दोरा ओवून ठेवणं आहे, आयुर्वेदातला औषधी दोरा, क्षारसूत्र, त्याच जातीचा. थायलंडमधून २००७ साली आलेली स्नायूंच्या मधोमध बोगदा बांधून तोडायची पद्धत आहे, कॅमेऱ्यानं आतून बघणं आहे, लेझरही आहे. इतक्या पद्धती आहेत याचाच अर्थ एकही सर्वांना पुरत नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं भगंदर १६८६ साली कापलं, तेव्हा त्याच्या शल्यविशारदानं आधी कित्येक गरीब रुग्णांवर हात साफ करून घेतला होता. राजा वाचला. त्या रुग्णांचं काय झालं ते दरबारी लोकांनी फारसं लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आता लाजेबद्दल, कारण सगळं अडलंय तिथेच. तपासणी कशी होते ते सांगतो. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता, गुडघे पोटाशी, अंगावर चादर. तोंड भिंतीकडे असतं, डॉक्टर दिसतसुद्धा नाहीत. सोबत बाई नर्स हवी असं आधी सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. डॉक्टर दोन्ही बाजू अलगद दूर करतात आणि बॅटरीच्या उजेडात बघतात. फिशर असेल तर ती तिथेच दिसते, एखाद्या फाटलेल्या ओठाच्या कोपऱ्यासारखी. दिसली की शहाणा डॉक्टर थांबतो. बोट घालत नाही, नळी घालत नाही, तो भाग दुखणं कमी झाल्यावर पुढच्या भेटीत. मिनिटभराचं काम. घातलंच तर तुम्ही 'थांबा' म्हणायचं. चीर मधल्या रेषेत नसेल, एकाहून जास्त असतील किंवा दिसायला भयंकर आणि दुखायला काहीच नाही असं असेल, तर मात्र डॉक्टर क्रोन्स (आतड्याला जुनाट सूज आणणारा आजार), क्षय असल्या गोष्टींचा विचार करतील. दुकानातल्या ट्यूबला हे बघता येत नाही.

आणि आता ती जाड रेघ. ताई, दादाचा इथे संबंध आहे. सख्ख्या भावाला, बहिणीला किंवा आईवडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर आपली कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर असेल तेव्हा करायची असते. दादा ५१ वर्षांचे होते, म्हणजे तुमची वेळ चाळिसाव्या वर्षीच येऊन गेली. तुम्हाला रक्त पडत नसतं, फिशर नसती, तरीही मी हेच लिहिलं असतं. आता तर रक्तही आहे. ते नव्याण्णव टक्के चिरेचंच असेल असं मनात म्हणून मी हा मुद्दा सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका लहानशा मांसल गाठीपासून, पॉलिपपासून, सुरू होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत ती गाठ दिसली तर त्याच वेळी तारेच्या फासानं काढून टाकतात. म्हणजे ही तपासणी नुसतं शोधत नाही, होऊ घातलेलं टाळतेही. यात खरा त्रास आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिण्याचा, दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन असतं आणि बऱ्याच जणांना काही आठवतही नाही. त्या जुलाबांनी तुमची चीर चिडेल, म्हणून आधी काही आठवडे मलम आणि शेक, मग तारीख, असा क्रम डॉक्टरांशी बोलून लावून घ्या. वजन उतरलंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, शौचाची सवय अलीकडे बदललीय असं काही असेल तर थांबू नका.

एक लहानसं: संडासात फोन नेता का? २०२५ साली बोस्टनमधल्या संशोधकांनी कोलोनोस्कोपीला आलेल्या १२५ जणांना हाच प्रश्न विचारला. फोन नेणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्के जास्त निघाली, आणि पाच मिनिटांहून जास्त बसणारेही तेच जास्त. पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे वर येतात आणि आतला कोन सरळ होतो. आलं नाही तर उठा.

डॉक्टरांसमोर शब्द सुचणार नाहीत, म्हणून लिहून देतो. हेच वाचून दाखवा: "दोन वर्षांपासून शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, नंतर दोन तास ठणकतं, थोडं लाल रक्त जातं. फिशर आहे का ते फक्त बघा. आणि माझ्या सख्ख्या भावाला ५१ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला होता." जाताना दादाच्या ऑपरेशनचा बायॉप्सी रिपोर्ट मिळाला तर सोबत न्या. काही कुटुंबांत हा कॅन्सर पिढीजात चालतो आणि त्याची खूण त्या गाठीच्या तपासणीत सापडते. तशी काही नोंद असली तर तुमच्यासोबत बहिणीलाही बोलावतील; नसली तरी कोलोनोस्कोपीचा वरचा नियम तिलाही लागू आहे, तिचं लेझर झालेलं असलं तरी.